प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे काय?

नागपूरच्या लकडगंजात आरामशीनवर सागाचा ओंडका चिरला जातो तेव्हा भुशाचे जाड कण नाकातच अडकतात. अगदी बारीक मात्र फुफ्फुसाच्या टोकाशी, वायुकोशांत पोचतात. तिथे महाभक्षक पेशींचा पहारा असतो. धूळ नि जंतू गिळायचे आणि वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध थर जुना झाला की तोही साफ करायचा, हे त्यांचं काम. ते त्यांना शिकवतो जीएम-सीएसएफ नावाचा रेणू. उंदरांत दिसतं की जन्माच्या सुमारास फुफ्फुसात आलेल्या अपक्व पेशी त्याच्या संकेतावर आठवडाभरात तयार होतात. पुढेही जन्मभर हा संकेत लागतोच.

या रेणूची गणना रक्तपेशींच्या वाढ-घटकांत होते. मेलबर्नला डोनाल्ड मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी अशा घटकांचा माग काढला तो काचेच्या बशीत वाढणाऱ्या अस्थिमज्जेच्या पेशींवरून. साहजिकच वाटलं, हा रेणू नसेल तर रक्तपेशी घटतील. १९९४ साली त्याचं जनुक काढलेल्या उंदरांत मात्र रक्तपेशी जवळपास नेहमीइतक्याच निघाल्या; बिघाड होता फुफ्फुसात. महाभक्षक पेशी होत्या, पण स्निग्ध थर तसाच साचत होता. उंदरांवरून माणसाचं काय सांगता, असं कोणी म्हणेल. पण वायुकोश असेच तुंबलेल्या रुग्णांत जीएम-सीएसएफला निकामी करणारी प्रतिपिंडं जपानी संशोधकांना १९९९ मध्ये सापडली. म्हणजे प्रश्न संख्येचा नव्हता, घडणीचा होता.

याउलट, केमोथेरपीनंतर घसरलेल्या पांढऱ्या पेशी जी-सीएसएफ या दुसऱ्या वाढ-घटकाच्या इंजेक्शनने वाढतातच की! खरंय, १९९१ पासून हे औषध वापरात आहे आणि जिथे पेशीच कमी पडतात तिथे ते जीव वाचवतं. पण तेच औषध सिकलसेल या रक्तविकाराच्या रुग्णाला दिल्यावर तीव्र वेदनांचा झटका आल्याच्या, मृत्यूच्याही नोंदी आहेत. तिथे वाढलेल्या पांढऱ्या पेशीच रक्तवाहिन्या तुंबवायला हातभार लावतात. सिकलसेल घरोघर माहीत असलेल्या विदर्भाने हे विसरून चालणार नाही. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्याला विचारावं: कोणती पेशी, कुठे आणि कशासाठी? आरामशीनवरच्या कामगाराला तर ‘इम्युनिटी’च्या बाटलीपेक्षा भुसा जागच्या जागी ओढून घेणारा पंखा आणि नीट बसणारा मास्क जास्त उपयोगी. घडलेल्या पेशींवरचा भार त्याने खरोखर हलका होतो.