जांभूळवाडीची माणसं

सह्याद्रीत जांभूळवाड्या पैशाला पासरी. म्हणून आबांची सगळ्यांना ताकीद असे: पत्त्यात ता. जावळी, जि. सातारा आधी लिहा, वाडीचं नाव मागाहून. गिरणीत नव्यानं लागलेला एखादा पोरगा ते विसरला, की त्याची मनीऑर्डर भलत्याच जांभूळवाडीचं दर्शन घेऊन लालबागला परत यायची.

आमची जांभळाची झाडं ओढ्याकाठी होती. मे महिन्यात मेढ्याहून घरी पोचलो, की पिशव्या पडवीत टाकून आम्ही भावंडं तिकडे पळत असू. झाडावर चढायची मात्र सक्त मनाई. जांभळीची फांदी दिसते जाडजूड, आणि मोडते ती काडकन, काही न सांगता. चढायचा फक्त धाकटा चुलता, तोही बुंध्याजवळच पाय ठेवून. खाली आज्जी, काकू आणि दोघी आत्या जुन्या लुगड्याची चार टोकं ताणून उभ्या राहत. भुईवर पडलेलं जांभूळ फुटतं, लुगड्यात शाबूत राहतं. त्या लुगड्याचा मूळ रंग कोणता, यावरून आज्जी-काकूंची दर उन्हाळ्यात जुंपायची.

बिया थुंकायच्या नाहीत, सुपात टाकायच्या. वाळवून कुटलेली पूड आज्जी साखरेचं दुखणं असलेल्यांना वाटायची. मृग लागून पाऊस झाला की फळात अळी. मग झाडाकडे कुणी ढुंकून बघत नसे.

आबांना फळाचं कौतुक नव्हतं, त्यांचा जीव लाकडावर. पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही म्हणून विहिरीच्या तळाशी, दगडी बांधकामाखाली जांभळाचं लाकूड घालत. आमच्या विहिरीतलं त्यांच्या वडिलांनी घातलेलं. गाळ काढायच्या दिवशी आबा तळाशी उतरून त्यावर पहार ठोकत, कान देत आणि वर ओरडून सांगत, "हाय अजून!"

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चुलते एकेक करून वाडीवर आले. घरात खाणारी तोंडं वाढली, मनीऑर्डरी थांबल्या. त्या उन्हाळ्यात काकूंनी जांभळं विकायचं काढलं. आज्जी भडकलीच. "गावाच्या नावाचं फळ इकनार? लोक काय म्हनतील?" आबा गप्प. काकू मात्र पहाटे पाटी डोक्यावर घेऊन मेढ्याला गेल्या, पळसाच्या द्रोणांनी मापून जांभळं विकली आणि तेल, मीठ, चहापत्ती घेऊन आल्या. आज्जी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी लुगड्याचं टोक धरायला हजर! माझ्या मते, त्या वर्षी घर आबांच्या शब्दापेक्षा काकूंच्या पाटीवर जास्त चाललं. पण घरात हे बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

आता पालघरच्या बहाडोलीच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालंय. दादरला जांभळं किलोवर मिळतात, आणि भाव ऐकून आपणच ओशाळतो. परवा काकूंना फोनवर तो भाव सांगितला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बियांसकट?"