मुगाचं पाणी आणि माझी सुट्टी

पर्युषणात अठाईवाल्यांच्या पारण्याला आमच्या आष्टीत दरवर्षी माझ्याकडून मुगाचं पाणी जातं. वाटीभर मूग, आठ वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर सुंठ. आठ दिवसांच्या उपाशी पोटाला तेवढंच सोसतं. यंदा गुडघ्यांनी थकबाकी मागितली (बी.कॉम.ची भाषा सुटत नाही!) आणि मी नाही म्हटलं.

रात्रभर चुटपुट. वैयावच्च हे तप, तेच चुकवलं की काय? पहाटे सामायिकात सहा अभ्यंतर तपं मोजली : प्रायश्चित्त, विनय, वैयावच्च, स्वाध्याय, ध्यान, कायोत्सर्ग. तिसऱ्यावरच मी वीस वर्षं अडकले होते.

पारण्याच्या सकाळी सूनबाईने पातेलं चढवलं. पाणी जरा दाटच झालं. मी काही बोलले नाही, पोथी उघडून बसले.