बिनसाखरेचं लिंबूपाणी आणि शहपुऱ्याचे सुभेदारसाहेब

फौजेत लिंबूपाणी मागावं लागत नाही, ते आपोआप येतं. दुसऱ्या युनिटला भेट द्या, येतं. वेलफेअरच्या कार्यक्रमाला जा, येतं. कॉन्फरन्सला बसा, मधल्या सुट्टीआधीच येतं. ट्रे, त्यावर काचेचे ग्लास, ग्लासवर कडेला मणी लावलेली जाळीची झाकणं, आणि आत पाकासारखं गोड लिंबूपाणी. नको म्हटलं तर समोरच्या जवानाचा चेहरा पडतो, म्हणून आपण पितो. खडकवासल्याला कॅडेट असताना असे चार-पाच ग्लास प्यालो तरी ड्रिल स्क्वेअरवर तासाभरात सगळं जिरून जायचं. पुढे वय वाढलं, खुर्ची मिळाली, पळणं कमी झालं. ग्लास मात्र तेवढेच राहिले.

मागच्या वर्षी वार्षिक वैद्यकीय तपासणीत माझा एचबीएवनसी ६.२ आला. साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी या चाचणीत कळते. ५.७ पर्यंत ठीक, ६.५ च्या पुढे मधुमेह, मधला पट्टा धोक्याचा. डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने बराच लहान. म्हणाला, "सर, आज मधुमेह नाही. असंच चाललं तर पुढच्या वर्षी असेल." नोकरी केलेल्यांना पुढचं सांगायला नको. शेप-वनमधून खाली आलं की आधी आपल्या मनात सगळं बदलतं, मग कागदावर. मी बाहेर येऊन गाडीत दहा मिनिटं नुसता बसून होतो.

डॉक्टरने विचारलं होतं, दिवसभरात काय काय पिता? घरी येऊन हिशोब मांडला. चहा बिनसाखरेचा, त्याची मला फार ऐट. पण लिंबूपाण्याचे चार ग्लास सहज. एका ग्लासात साखर तीन चमचे, चमच्यात चार ते पाच ग्रॅम. म्हणजे दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसती लिंबातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. २००० उष्मांकांच्या आहारात ती होते ५० ग्रॅम. माझा कोटा लिंबूपाण्यातच संपत होता, आणि मी त्याला 'हेल्दी' समजत होतो.

मग सुरू झाले प्रयोग. पहिला प्रयोग सरळ होता. नेहमीचं लिंबूपाणी, त्यातून साखर वगळायची. एक घोट घेतला आणि डोळे मिटले गेले. साखर नुसती गोडी आणत नाही, ती लिंबाचा आंबटपणा आणि कडवटपणा झाकून धरते. ते पांघरूण काढलं की लिंबू उघडं पडतं. दुसरा प्रयोग गोडीच्या गोळ्यांचा. चव जमली, पण मागे जिभेवर काहीतरी रेंगाळायचं, आणि मुख्य म्हणजे जीभ गोडच मागत राहायची. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पर्यायी गोडव्यांवर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारावं. मी मधल्या पट्ट्यातला, म्हणून गोळ्या ठेवून दिल्या.

वाट दाखवली बायकोने. म्हणाली, "अरे, साखर काढलीस तर लिंबूही अर्धं काढ ना!" इतकं सोपं होतं.

आता आमच्या घरी होतं ते असं. एक लिटर पाण्याला चार नाही, दोनच मध्यम कागदी लिंबं. लिंबू हाताने हलकं पिळायचं. साल चिरडेपर्यंत पिळलं की सालीचा कडूपणा उतरतो. बिया लगेच काढायच्या. पाव चमचा काळं मीठ. मीठ कडवटपणा दाबतं, म्हणून बिनसाखरेच्या लिंबूपाण्यात चिमटी जास्त महत्त्वाची. रक्तदाब असेल त्यांनी तीही जपून. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची ताजी पूड. पुदिन्याची दहा-बारा पानं तळहातावर चुरडून. आणि खरी युक्ती बडीशेपेची. एक चमचा बडीशेप रात्री कपभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी ते पाणी गाळून घालायचं. बडीशेपेचा वासच असा की साखर नसताना जिभेला गोडाचा भास होतो. हवा तर भिजवलेला सब्जा. पाणी माठातलं. आणि करून ठेवायचं नाही, तासा-दोन तासांत संपवायचं, कारण लिंबाचा रस ठेवला की त्यात कडूपणा आपोआप वाढत जातो.

पहिले आठ दिवस जिवावर आले. तिसऱ्या आठवड्यात मेसचं लिंबूपाणी गोडमिट्ट लागू लागलं. पळणंही वाढवलं होतं. तीन महिन्यांनी आकडा ५.८ वर आला. आणि तिथेच माझ्यातला अधिकारी जागा झाला. स्वतःला जे लागू पडलं ते सगळ्यांना लागू करायचं, ही आपली खोड. मेसमध्ये सूचना दिली. पाहुण्यांना थर्मासातलं माझं लिंबूपाणी पाजू लागलो. जवानांना पीटीनंतर मिळणाऱ्या लिंबूपाण्यातलीही साखर बंद करावी, असं मी आरएमओला सांगितलं. तो म्हणाला, "सर, यावर एकदा बोलू." मी मनात म्हटलं, बोलायचं काय त्यात?

जबलपूरला बदली होऊन आलो तेव्हापासून शहपुऱ्याला जायचं ठरत होतं. भोपाळच्या रस्त्यावर, भेडाघाटचा फाटा मागे टाकून पुढे गेलं की हे गाव लागतं. रेल्वेचं स्टेशन भिटोनी, तिथे तेलाचा डेपो, म्हणून रस्त्यावर टँकरच टँकर. थंडीत या भागात मटारच मटार, उन्हाळ्यात मुगाची शेती. इथे आमच्या युनिटचे एक सुभेदारसाहेब निवृत्तीनंतर शेती करतात. २००३ साली मी नवा कोरा लेफ्टनंट म्हणून युनिटला पोचलो, तेव्हा ते नायब सुभेदार होते. पहिल्या रूट मार्चला त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "साहब, पूछिए मत कि पानी है या नहीं. बोतल हिलाकर देखिए." जवान नेहमी 'ठीक है साहब'च म्हणतो, म्हणून प्रत्येकाची बाटली हलवून बघायची. बावीस वर्षं मी हे तरुण अधिकाऱ्यांना शिकवत आलो.

मे अखेरचा रविवार होता. इकडे त्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात, आणि नाव खोटं नाही. बाराला येतो म्हणालो होतो. टँकरच्या कोंडीत अडकून दीड वाजला. सुभेदारसाहेब अंगणात उभेच. आत कूलर, खाटेवर स्वच्छ चादर. भाभीजींनी गूळ घातलेलं कैरीचं पन्हं आणलं. मला माहीत होतं की साहेबांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मी ट्रे तसाच बाजूला सारला, थर्मास उघडला आणि भाषण सुरू केलं. साखर किती वाईट, मी कसा वाचलो, बडीशेपेची युक्ती काय. सुभेदारसाहेबांनी पन्ह्याकडे एकदा पाहिलं आणि माझा ग्लास उचलला. "साहब का हुक्म," म्हणून हसले. दोन ग्लास प्याले. मला फार बरं वाटलं.

आम्ही जुन्या गोष्टींत रमलो. जेवण तयार होतं, पण मीच म्हणालो, घाई काय आहे. अडीच वाजले असतील. बोलता बोलता त्यांनी मला दुसऱ्याच कुणा साहेबांच्या नावाने हाक मारली. मी हसलो, ते हसले नाहीत. कूलरसमोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर घाम डवरला होता. ग्लास धरलेला हात थरथरत होता. मी विचारलं, "साहब, तबीयत ठीक है?" ते एकदम चिडून म्हणाले, "ठीक है, ठीक है!" बावीस वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मला वाटलं, ऊन लागलं. कॉलर सैल केली, पाय वर घेतले आणि थर्मासमधून आणखी एक ग्लास भरून त्यांच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात भाभीजी दारात आल्या. एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "इनकी शक्कर गिर गई है." त्यांनी माझा ग्लास बाजूला केला, फडताळातलं यंत्र काढून बोटाला टोचलं. आकडा ५२. सत्तरच्या खाली गेला की धोका. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर ढवळून त्यांनी ती घोटाघोटाने पाजली. घड्याळाकडे बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८४. मग ताट वाढलं. मी थर्मास हातात धरून उभा होतो.

जेवताना हळूहळू सगळं कळलं. सकाळी सातला गोळी घेतली होती, ग्लिमेपिराइड. मग मुगाच्या शेतात दोन तास. नाश्ता केला नव्हता, कारण बाराला साहेबांबरोबर जेवायचं होतं. दीडला साहेब आले, आणि आल्याबरोबर समोरचं गुळाचं पन्हं हलवून रिकामं पाणी पाजलं. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. लिंबात, मिठात, जिऱ्यात तिला तोंड देण्यासारखं काहीच नाही. त्या वेळी त्यांच्यासाठी साखर औषध होती आणि ती मी काढून घेतली होती. शुद्ध हरपली असती तर तोंडाने काहीच देता आलं नसतं, सरळ हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. बाहेर टँकरची ती कोंडी होतीच.

मी माफी मागितली. सुभेदारसाहेब म्हणाले, "अरे साहब, गलती हमारी. हमने बताया नहीं." तेच जुनं 'ठीक है साहब'. मी बाटली हलवून पाहिलीच नव्हती.

सोमवारी सकाळी स्वतःहून आरएमओकडे गेलो. म्हटलं, आता बोल. त्याने जे समजावलं ते मला वीस वर्षांपूर्वीच ठाऊक असायला हवं होतं. आपल्या आतड्यात मीठ आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. ओआरएसचं सगळं शास्त्र याच्यावर उभं आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलऱ्याची साथ पसरली. बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममधून वाटायला लावलं. तिथे मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तेव्हा मे महिन्यात तासन्‌तास घाम गाळलेल्या जवानाच्या पाण्यातून साखर साफ काढून टाकणं हा शहाणपणा नव्हता.

पण त्याने पुढचा आकडा दाखवला आणि मी चमकलो. आजच्या प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरमागे ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम आणि साधं मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. म्हणजे २०० मिलीच्या ग्लासात ग्लुकोज तीन ग्रॅमहूनही कमी, पुरता चमचाही नाही. आमच्या मेसच्या ग्लासात त्याच्या चौपट-पाचपट साखर! म्हणजे मी आधी पीत होतो तेही चूक, आणि नंतर सगळ्यांना पाजत होतो तेही.

आता आमच्याकडे लांबच्या मार्चला किंवा फायरिंगला ओआरएसची पाकिटं जातात, लिटरला एक, मोजून. एरवी साधं पाणी. मेसमध्ये लिंबूपाणी माझ्या पद्धतीचं, पण ट्रेमध्ये शेजारी साखरेचं भांडं असतं. आणि कुणी निवृत्त साहेब भेटायला आले की आधी विचारतो, जेवलात का, गोळी कोणती घेता. 'ठीक है' हे उत्तर चालत नाही. वाचणाऱ्या माजी सैनिकांनाही हेच सांगणं आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर जेवण पाहुण्यासाठी थांबवू नका, आणि खिशात साखरेच्या चार पुड्या ठेवा. बिनसाखरेचं लिंबूपाणी पिणाऱ्याच्या खिशात तर नक्कीच.

डिसेंबरात सुभेदारसाहेबांचा फोन आला. "साहब, मटर आ गया है. इतवार को आइए. और बारह मतलब बारह."

मी पावणेबाराला पोचलो. ते जेवून बसले होते.

जय हिंद.