‘वेल्श घेऊन पुढे काय करणार?’

बर्मिंगहॅमहून सुटलेली गाडी तीनेक तासांनी थांबते, तिथे रूळच संपतात. पुढे थेट समुद्र! गावाचं नाव आबेरिस्ट्विथ. जीभ अडखळली ना? ‘आबेर’ म्हणजे नदीचं मुख आणि इस्ट्विथ ही नदी. रस्त्यावर ‘स्लो’सोबत ‘अराव’ असंही रंगवलेलं. दुकानात ‘थँक्यू’ऐवजी ‘दिओल्ख’ म्हणून बघा, समोरचा चेहरा खुलतो.

किनाऱ्याला खेटून ओल्ड कॉलेजची देखणी इमारत आहे. मुळात हे हॉटेल. रेल्वे आली, आता टुरिस्ट येणार म्हणून बांधलेलं. धंदा बुडाला आणि १८७२ मध्ये तिथेच २६ विद्यार्थ्यांचं कॉलेज सुरू झालं. पुढे साध्यासुध्या वेल्श माणसांनी पेनी-पेनी जमवून ते जगवलं. आज विद्यापीठ वर टेकडीवर पसरलंय. वेल्श आणि केल्टिक भाषांचा विभाग ही त्याची खास ओळख. शेजारीच वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय. तेराव्या शतकातलं ‘ब्लॅक बुक ऑफ कार्मार्दन’ हे वेल्श हस्तलिखित इथेच जपलंय.

शिकायला मात्र भाषा भलतीच नखरेल! आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं, पाऊसचं पावसात होतं. वेल्शमध्ये चक्क तोंड बदलतं. वेल्सला म्हणतात ‘कम्री’. ‘वेल्सला’ म्हणायचं तर ‘इ गम्री’, ‘आणि वेल्स’ म्हणायचं तर ‘आ खम्री’. मग डिक्शनरीत शोधायचं कुठे? सुरुवातीला सगळेच रडकुंडीला येतात. पण ‘दान्त’ म्हणजे दात आणि ‘नाऊ’ म्हणजे नऊ हे कळलं, की लांबची मावशी भेटल्यासारखं वाटतं.

आता गावातला ट्रेवेखन पूल बघाच. २ फेब्रुवारी १९६३ ला कोर्टाचं समन्स वेल्शमध्येही मिळावं, यासाठी तरुण मंडळींनी थंडीत हा पूल अडवला. त्यांत विद्यार्थी बरेच. भाषेला अधिकृत दर्जा मिळायला मात्र २०११ चा कायदा उजाडावा लागला.

म्हणजे लढाई जिंकली? छे! २०११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १९ टक्के होते, २०२१ मध्ये १७.८ टक्के उरले. कायदा पाटी लावतो; घरात मुलांशी कुठल्या भाषेत बोलायचं, ते आई-बाबाच ठरवतात. सरकारला २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे हवेत. त्यासाठी शिक्षक हवेत, भाषांतरकार हवेत, टीव्हीसाठी लिहिणारे हवेत. ‘वेल्श घेऊन पुढे काय करणार?’ या प्रश्नाला इथे निदान उत्तर आहे. मराठी घेऊन बीए करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नसेल!

संध्याकाळी प्रॉमनाडच्या टोकापर्यंत चालत जा. तिथल्या रेलिंगला पाय मारून परतायचं, हा इथला रिवाज. का मारायचा, याची कारणं जो तो वेगळी सांगतो. मारायचा मात्र सगळ्यांनीच. भाषाही बहुधा अशीच टिकते. कारण विचारत न बसता, रोज.