पंचवीसपैकी अकरा

गेल्या भाऊबिजेच्या रात्रीची गोष्ट. ओवाळणी झाली होती, जेवणे नको तितकी झाली होती, आणि दुपारी सगळ्यांनीच ताणून दिल्यामुळे कुणाच्याही डोळ्याला डोळा लागण्याचे चिन्ह दिसत नव्हते. भाच्याने आपला मोबाइल आमच्या टीव्हीला कसासा जोडला आणि मोठ्या औदार्याने विचारले, "मामा, काय लावू?"

आई म्हणाली, "मराठी लाव रे बाबा, मला कळेल असं." अक्का म्हणाली, "सणासुदीचं रडकं नको हं." दाजींची अट एकच होती, फार लांबण नको. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून फर्मावले, "काहीही लावा, पण आवाज बेताचा ठेवा." माझी लेक मात्र काहीच बोलली नाही. ती नववीत आहे, आणि नववीतल्या मुली घरात काही बोलत नाहीत हे मी शाळेतच शिकलो आहे.

इतक्या अटींत बसणारा चित्रपट ब्रह्मदेवालाही सापडला नसता. मी 'बायोस्कोप' सुचवला. २०१५ साली आलेला हा चित्रपट म्हणजे चार दिग्दर्शकांच्या चार गोष्टी, आणि प्रत्येकीच्या मुळाशी एकेक कविता. गजेंद्र अहिरे यांची 'दिल-ए-नादान' गालिबच्या गझलेवरून निघालेली, विजू माने यांची 'एक होता काऊ', गिरीश मोहिते यांची 'बैल' आणि रवी जाधव यांची 'मित्रा'. माझा हिशोब असा की, चारांतली एक तरी प्रत्येकाला आवडेल. हाच हिशोब मनात धरून दिवाळी अंकाचे संपादक आपल्यासारख्यांचे लेखन छापत असतात, हे मी जाणून आहे.

यापुढे मला जी बुद्धी झाली तिला मास्तरकीच जबाबदार आहे. मी दिनदर्शिकेचे गेल्या महिन्याचे पान फाडले, त्याच्या पाठीवर रेघा मारल्या, आडवी चार गोष्टींची नावे लिहिली आणि उभी घरातल्या माणसांची. प्रत्येक गोष्टीला पंचवीस गुण, एकूण शंभर.

पुढचे दोन तास मी पडद्यापेक्षा माणसांकडेच जास्त पाहिले. नीना कुळकर्णी आणि सुहास पळशीकर यांच्या 'दिल-ए-नादान'मध्ये दाजींनी घोरायला प्रारंभ केला; तेच दाजी 'बैल' सुरू होताच ताठ बसले. विदर्भातल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, मंगेश देसाई यांनी केलेली. चकलीचा तुकडा त्यांनी हातात धरला होता तो गोष्ट संपेपर्यंत हातातच होता. दाजींची साडेतीन एकर जमीन आहे, आणि बैलजोडी विकल्याला त्यांना चार वर्षे झाली आहेत. अक्का लग्नाआधी पेटी शिकत असे. तिने डोळे मिटून 'दिल-ए-नादान'ला बावीस गुण दिले.

नवल केले ते आईने. 'मित्रा' ही विजय तेंडुलकरांच्या कथेवरची गोष्ट. स्वातंत्र्य मिळण्याच्या सुमाराचा काळ, सगळे चित्रण काळ्या-पांढऱ्यात, आणि मैत्रिणीवर जीव जडलेली एक मुलगी. त्या गोष्टीला सर्वोत्कृष्ट लघुपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळालेले आहे. मला धाकधूक होती की आईला हा विषय रुचायचा नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकटी पडली रे पोरगी." आणि पंचवीसपैकी पंचवीस लिहायला सांगितले. मास्तर असून पैकीच्या पैकी गुण द्यायला माझा हात धजत नव्हता, पण आईच्या शब्दापुढे इलाज नव्हता.

माझे स्वतःचे गुण मी मोठ्याने वाचून दाखवले. 'मित्रा' एकवीस, 'बैल' सतरा, 'दिल-ए-नादान' तेरा आणि 'एक होता काऊ' अकरा. ही शेवटची म्हणजे काळ्या रंगाच्या एका मुलाची गोष्ट, ज्याला सारे काऊच म्हणतात आणि ज्याचे मन एका गोऱ्या मुलीवर बसते. कुशल बद्रिके आणि स्पृहा जोशी त्यात आहेत. मला वाटले, जीव एवढासा आणि मध्येच ताण फार. "अगदी खरं," अक्का म्हणाली, "त्या कावळ्याची गोष्ट पुढे सरकतच नव्हती." माझी बेरीज बासष्ट आली, म्हणजे प्रथम वर्ग! पण प्रथम वर्गातला चित्रपट पाहिल्याचे समाधान कुणाच्याच तोंडावर नव्हते. जो तो आपली एक गोष्ट घेऊन बसला होता आणि बाकीच्या तिघींवर उगीच वेळ गेला असे म्हणत होता. लेकीचा रकाना कोरा राहिला. "मला नाही द्यायचे मार्क," म्हणून ती ताटल्या उचलून आत गेली.

असल्या चित्रपटांचा मला कादंबरीकार म्हणून एक छंदच लागलेला आहे. चार जणांनी मिळून केलेला चित्रपट एकसारखा का उतरत नाही, याचे पहिले कारण माझ्या मते मापाचे आहे. अर्ध्या तासात मावते ती गोष्टच निराळी. बारा पानांची कथा मागितली की आम्ही कादंबरीकार पुष्कळदा तीनशे पानांची कादंबरी दाबून बारा पानांत कोंबतो, आणि ट्रंकेचे झाकण बसत नाही तशी तिची गत होते. भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१३ साली, 'बॉम्बे टॉकीज' निघाला. करण जोहर, दिबाकर बॅनर्जी, झोया अख्तर आणि अनुराग कश्यप या चौघांचा. त्यात दिबाकर बॅनर्जींनी सत्यजित राय यांची 'पटोलबाबू, फिल्मस्टार' ही बंगाली कथा उचलली आणि मुंबईच्या चाळीत आणून पुरंदर नावाच्या माणसाला दिली. नवाजुद्दीन सिद्दिकी तो झाला आहे, आणि आपले सदाशिव अमरापूरकर त्याला भेटायला येतात ते तर विसरताच येत नाहीत. गोष्ट काय, तर एका हौशी नटाला चित्रीकरणात कुणाला तरी धक्का देऊन जाण्याचे काम मिळते. एक माणूस, एक दिवस, एक धक्का. अर्धा तास त्याला पुरून उरतो. करण जोहरांच्या गोष्टीत नवरा, बायको आणि तिसरा एक तरुण, तिघांची तीन आयुष्ये आहेत. ती वाईट नाही, पण तिचे झाकण बसत नाही.

दुसरे कारण एवढे सभ्य नाही. मोठा माणूस असले काम पुष्कळदा डाव्या हाताने करतो. याच चौघांनी २०१८ साली 'लस्ट स्टोरीज' आणि २०२० साली 'घोस्ट स्टोरीज' केला. हा दुसरा पाहताना मला भीती वाटली ती एकच, की अजून दोन गोष्टी शिल्लक आहेत!

पण मला खरे कुतूहल आहे ते यातल्या नापास गोष्टींचे. कारण पुष्कळदा त्यांना नुसते नापास करून भागत नाही, शाळेतूनच काढून टाकतात. ओ. हेन्रीची ती केस कापून विकणाऱ्या बायकोची आणि घड्याळ विकणाऱ्या नवऱ्याची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी इंग्रजीच्या तासाला वाचली असेल. त्याच्या पाच कथांवर १९५२ साली अमेरिकेत 'ओ. हेन्रीज फुल हाउस' नावाचा बोलपट निघाला. दिग्दर्शक पाच, आणि त्यांतल्या तिघांचे नाव हेन्रीच! उरलेल्या दोघांत एक हॉवर्ड हॉक्स, पाचांतला बहुधा सर्वांत मोठा माणूस. त्याचीच गोष्ट टीकाकारांना रुचली नाही, आणि चित्रपट लागल्यावर थोड्याच दिवसांत ती कापली गेली. इंग्लंडात १९४५ साली चौघांनी केलेला 'डेड ऑफ नाइट' हा भुताखेतांचा नामांकित चित्रपट. तो अमेरिकेत गेला तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी गाळल्या गेल्या. पण या चित्रपटात गोष्टी सांगणारी माणसे एकाच घरात जमलेली असतात, आणि शेवटच्या दुःस्वप्नात सगळ्या गोष्टींचे धागे परत येतात. दोन गोष्टीच गहाळ झाल्यावर तिथल्या प्रेक्षकाने काय समजून घ्यायचे?

सर्वांत जिव्हारी लागतो तो मारियो मोनिचेली या इटालियन दिग्दर्शकाचा प्रसंग. १९६२ सालच्या 'बोकाचो ७०' या चित्रपटात फेलिनी, व्हिस्कोंती आणि दे सिका यांच्या पंक्तीला तो बसलेला. त्या तिघांच्या गोष्टींत अनिता एकबर्ग, रोमी श्नायडर आणि सोफिया लॉरेन. मोनिचेलीच्या गोष्टीत कुणी नामांकित नटी नाही. कारखान्यात काम करणारी दोन गरीब माणसे गुपचूप लग्न करतात आणि नोकरी जाऊ नये म्हणून ते लपवतात, एवढेच. चित्रपट तीन तासांवर गेला. इटलीबाहेर पाठवताना निर्मात्याने नेमकी हीच गोष्ट काढून ठेवली. मात्र कानच्या महोत्सवात तो दाखवायचा ठरला तेव्हा बाकीचे तिघे त्याच्या बाजूने उभे राहिले आणि तिकडे गेलेच नाहीत. मोठेपणा म्हणतात तो हा.

बरे, सगळ्या गोष्टी एकाच हातच्या असल्या तरी यातून सुटका नाही. सत्यजित राय यांनी १९६१ साली रवींद्रनाथांच्या तीन कथांवर 'तीन कन्या' केला. परदेशात पहिल्याने त्यातल्या दोनच कन्या गेल्या. मधली 'मणिहारा' घरी राहिली.

मला या काढून टाकलेल्यांचा एवढा कळवळा का, ते सांगून टाकतो. दहाबारा वर्षांपूर्वी एका प्रातिनिधिक कथासंग्रहात माझी एक कथा आली होती. दुसऱ्या आवृत्तीत ती दिसेना. चौकशी केली तेव्हा कागदाचे भाव वाढल्याचे कळले. भाव नेमके माझ्याच आठ पानांपुरते कसे वाढले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या कथेबद्दल मला आजवर एकच पत्र आले आहे. रुग्णालयात काम करणाऱ्या एका बाईंनी लिहिले होते की, पुस्तक ग्रंथालयाचे असल्यामुळे परत करावे लागले, पण तुमची कथा रात्रपाळीत हाताने उतरवून घेतली आहे. ते पत्र माझ्या कपाटात आहे.

असा हा अनुभवी माणूस त्या रात्री गुणपत्रिका दिनदर्शिकेच्या मागे खोचून, समाधानाने अंथरुणाला पाठ टेकत होता, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही तिच्यादेखत ते अकरा वाचायला नको होते."

"कुणाच्या?"

त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळी वन्सं तिला काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

ऐकले होते. आमची लेक सावळी आहे, माझ्यावर गेली आहे. सकाळी अक्काने तिची हनुवटी धरून मायेनेच म्हटले होते, "रोज साय आणि डाळीचं पीठ लावत जा गं. आत्तापासून लावलंस तर वेळेवर उजळशील." अक्काच्या मनात काही वाकडे नव्हते. खोलीतले सगळे हसले. माझ्या तोंडात करंजी होती. मीही हसलो होतो.

रात्री झोप लागली नाही. कोऱ्या रकान्याचा मी तोवर विचारच केला नव्हता. वर्गात एखादी मुलगी कोरा पेपर देते तेव्हा तिला काही येत नाही, असेच धरून चालण्याची आम्हां मास्तरांना सवय असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का-दाजी गेले. घर ओकेबोके झाले. लेक खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसली होती, पान बराच वेळ उलटत नव्हते. मी म्हटले, "ती काऊची गोष्ट पुन्हा लावतेस? कालच्या गोंधळात मला नीट दिसली नाही."

तिने वर पाहिले. "मार्क देणार नसाल तर."

"नाही देणार."

मोबाइल जोडायची विद्या तिलाही येत होती. सौ. हात पुसत येऊन बसल्या, आई मात्र आत झोपली होती. या खेपेला शेजारच्या तीन गोष्टी नव्हत्या, 'मित्रा' नव्हती, तुलनेला काही नव्हते. तो मुलगा होता, त्याचा रंग होता आणि आम्ही तिघे होतो. मी मधूनमधून लेकीकडे पाहत होतो. ती पापणीही न हलवता पाहत होती. एका ठिकाणी मी हसलो, तेव्हा तिने चटकन मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी कशाला हसलो ते तिला बघायचे होते. तिला पटले असावे, कारण मग तीही हसली.

गोष्ट संपली. थोडा वेळ कुणी बोलले नाही.

"आता कशी वाटली?" तिने विचारले.

खोटे बोलता आले असते. पण माझ्या खोट्याचा सूर तिला तेव्हाच ओळखू येतो. मी म्हटले, "आवडली. मधला भाग मात्र अजून लांबतोच."

"हो, लांबतो," ती म्हणाली, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावली.