गाठीचे नाव

घरातील स्त्रीचे दुखणे बहुधा सर्वांत शेवटी घराला कळते. आणि ते स्तनाचे असेल तर संकोचापायी आणखी उशीर होतो. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर येथे किराणा दुकान चालवणाऱ्या एका जैन कुटुंबातील तिशी ओलांडलेली सून अशीच गप्प राहिली. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस, दुकानात गर्दी. धाकट्या मुलाचे अंगावरचे दूध सुटून दोन वर्षे झाली होती. उजव्या स्तनात कठीण, ठणकणारी गाठ आली आणि वरची त्वचा लाल झाली, तरी यात्रा उरकेपर्यंत तिने ते कोणाला सांगितले नाही.

पुढे प्रतिजैविकांनी उतार पडेना. सोनोग्राफीचा अहवाल संशयास्पद आला आणि घरात कोणी न उच्चारता एकच शब्द फिरू लागला. दिरांचे मत पडले, लगेच शस्त्रक्रिया करावी. एका नातेवाइकाने क्षयाची औषधे सुरू करण्यास सुचवले. सासूबाई मात्र ठाम राहिल्या. ‘आधी गाठ कसली ते कळू दे,’ एवढेच त्या म्हणाल्या.

फोंडा घाट चढून कुटुंब कोल्हापूरला गेले. तेथे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासण्यात आला. कर्करोग नव्हता. रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके स्तनाच्या दूधग्रंथींभोवती जमले होते. असे पुंजके क्षयातही आढळतात. म्हणून क्षयजंतूंची तपासणी झाली, कल्चरच्या अहवालासाठी काही आठवडे थांबावे लागले. तेथेही काही सापडले नाही, तेव्हा निदान पक्के झाले : ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. केसलर व वोलोक यांनी १९७२ साली या विकाराचे प्रथम वर्णन केले, तेही कर्करोगाचा भास करून देणारा विकार म्हणूनच. तो प्रामुख्याने बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होतो. त्याचे नेमके कारण अद्याप उलगडलेले नाही. तो संसर्गाने पसरत नाही आणि जिवावरही बेतत नाही.

मात्र तो चिवट असतो. घाईने मोठी चिरफाड केली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. काहींची गाठ नुसत्या देखरेखीखाली विरते. काहींना स्टेरॉइड वा मेथोट्रेक्सेट द्यावे लागते. या सुनेला प्रेडनिसोलोन सुरू झाले. ते सकाळी न्याहारीनंतर घ्यायचे, रक्तातील साखर तपासत राहायचे आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा हळूहळू उतरवायची; मनाने एकदम बंद केल्यास शरीरावर गंभीर परिणाम होऊ शकतो.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. दरवर्षी उपवास करणाऱ्या सुनेला औषधासाठी खावे लागणे जड गेले. सासूबाईंनीच समजूत घातली : देह सावरणे हाही धर्माचाच भाग, यंदा स्वाध्याय करावा. रात्रिभोजनाचा त्याग तेवढा सहज सांभाळता आला.

मार्गशीर्षापर्यंत गाठ विरली, एक लहानसा व्रण उरला. विकार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून तपासणी चालू आहे.

त्या घरात एक बदल कायमचा झाला. नणंदेच्या हाताला पुढे एक बारीक गाठ लागली, तेव्हा तिने ती त्याच संध्याकाळी आईला सांगितली. घरात कोणी तिला नाव दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मायलेकी देवगडच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या.