इंदिरानगरच्या गल्लीतला रंगारी

सारडा सर्कलवरून निघालो, मुंबई नाका ओलांडला आणि इंदिरानगरच्या बोगद्यापाशी अडकलो. नाशिककरांना हे नवीन नाही. सकाळी नऊनंतर इथे शाळेच्या रिक्षा, अंबडच्या कारखान्यांकडे निघालेल्या मोटारसायकली आणि भाजीचे टेंपो एकमेकांत घुसलेले असतात. आमच्या लोगनमध्ये पुढे माझा मुलगा आणि अब्बा, म्हणजे माझे सासरे. मागे मी, आणि शेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेले गाडीचेच प्लास्टिकचे तुकडे. दारांच्या आतल्या पट्ट्या उघड्या पडल्यामुळे गाडी सोलल्यासारखी दिसत होती.

लोगन ही तशी नाशिकचीच लेक. महिंद्रा आणि रेनॉ यांनी मिळून २००७ साली ती इथल्या कारखान्यातून काढली. पुढे दोघे वेगळे झाले आणि तिचं नाव व्हेरिटो झालं. अब्बांनी आमची २००८ मध्ये घेतली. आता मुलीच्या फार्मसीच्या फीसाठी ती विकायची होती. इंजिन ठणठणीत, पण आतलं राखाडी प्लास्टिक उन्हाने पांढुरकं पडलेलं, हँडलांपाशी घासून चट्टे आलेले. इतक्या जुन्या गाडीचे असे तुकडे नवे शोधायचे म्हणजे भंगार बाजार पालथा घालणं आलं.

मुलाने आधी घरीच गच्चीवर प्रयोग केला होता. तुकडे थिनरने पुसले, स्प्रेचा डबा आणून रंग मारला. दोन दिवस झकास दिसलं. तिसऱ्या दिवशी दाराच्या खालच्या खणाचा रंग कांद्याच्या सालीसारखा निघाला, आणि मधल्या पट्टीवर थिनर लागला होता तिथे प्लास्टिकच वितळून सुरकुतलं.

इंदिरानगर म्हटलं की बंगले, सोसायट्या, क्लासेसच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. पण वडाळागावाच्या बाजूला सरकलं की वस्तीचा चेहरा बदलतो. दुकानाला लागून घर, घराला लागून गॅरेज. तिथल्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडखाली हे रंगारी चाचा बसतात. पाटी नाही. कंप्रेसरचा आवाज हीच खूण.

चाचांनी रंग पाहिलाच नाही. प्रत्येक तुकडा उलटा केला आणि मागच्या बाजूची बारीक इंग्रजी अक्षरं मुलाला वाचायला लावली. खालच्या खणावर होतं पीपी, मधल्या पट्टीवर एबीएस. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ज्याच्या असतात तेच. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा, त्यावर साधा रंग धरतच नाही. आधी प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो. एबीएसवर रंग चांगला बसतो, पण कडक थिनर त्याला खातो. गच्चीवर नेमकी हीच गल्लत झाली होती.

“डॅशबोर्डला चमकवायचं पॉलिश लावता का?” त्यांनी विचारलं. मुलगा दर जुम्म्याला लावत होता. त्यातलं सिलिकॉन राहिलं तर रंगाला बारीक बारीक खड्डे पडतात. म्हणून आधी भांड्याच्या साबणाने दोनदा धुणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासणं. गनने रंग मारायचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडं: तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, वर मॅट क्लिअर. धुण्या-घासण्यातच दुपार गेली. मी शेजारच्या घरात जोहर पढून आले तरी चाचा एकाच हँडलच्या खाचेत टूथब्रश फिरवत होते.

डॅशबोर्डचा वरचा भाग चकचकीत करून हवा, असं मुलाचं म्हणणं. चाचांनी साफ नकार दिला. ऊन पडलं की त्याची सावली पुढच्या काचेत दिसते आणि समोरचा रस्ता झाकोळतो. एअरबॅगच्या झाकणालाही ते रंग लावत नाहीत. ते झाकण वेळ येईल तेव्हा ठरल्या रेषेवर फाटलं पाहिजे. तिथे रंगाचे थर कशाला?

त्या दिवशी रंग झालाच नाही. ऑगस्ट महिना, चार वाजता आभाळ भरून आलं. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं म्हणून त्यांनी तुकडे ठेवून घेतले आणि ऊन पडल्यावर या म्हणाले. पाच दिवसांनी गेलो तर शेडमधल्या दोरीवर पट्ट्या ओळीने टांगलेल्या, मंद राखाडी, जशा नव्या गाडीत असतात तशा. आठवडाभर ओलं फडकं लावू नका, असं बजावून त्यांनी स्वतःच त्या बसवल्या. दोन क्लिपा आम्ही काढताना तुटल्या होत्या, त्याही डब्यातून शोधून दिल्या.

पैसे घेताना त्यांनी अब्बांना विचारलं, “भाईसाब, विकायची आहे ना? मग घेणाऱ्याला सांगा की आतून रंग मारलाय.”

मुलाचा चेहरा पडला. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, “विचारलं तर सांगू की.” अब्बा काही बोलले नाहीत.

गिऱ्हाईक सिन्नरहून आलं. त्याने दार उघडलं, आत हात फिरवला, खूश झाला. अब्बा पुढे झाले आणि कुठला कुठला तुकडा रंगवलाय ते बोट लावून दाखवलं, सुरकुतलेली जागासुद्धा. त्याने तीन हजार कमी केले. मुलगा संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलला नाही. फीला तेवढेच कमी पडत होते. ते मी भिशीतून घातले.